शाळेच्या भिंतीवर सापडलेला वीतभर पंखांचा पतंग कोणत्या कुळातला? त्याच्या वर्गीकरणाविषयी प्रश्न

वैनगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक आहे. आमच्या शाळेच्या एका अंगाला धानाच्या बांध्या आहेत आणि दुसऱ्या अंगाला येन (ऐन), मोवई, धावडा या झाडांचे विरळ जंगल सुरू होते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी व्हरांड्यातल्या दिव्याखाली, भिंतीवर, एक फार मोठा पतंग पंख पसरून बसलेला मुलांना दिसला. फूटपट्टी लावून पाहिली तेव्हा पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १६ सेंटिमीटर भरले. रंग हळदीसारखा पिवळा, कडेला किंचित राखाडी. चारही पंखांवर एकेक गोल डोळा होता आणि त्या डोळ्याचा मधला भाग इतका स्वच्छ होता की त्यातून भिंतीवरचा चुन्याचा ओघळ दिसत होता. मुलांनी गुळाच्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून त्याच्यासमोर ठेवला, पण दिवसभरात त्याने त्याला स्पर्शही केला नाही.

माझ्या तीन शंका आहेत. पहिली अशी की माझ्याजवळच्या एका पुस्तिकेत पतंगाचे पुढचे आणि मागचे पंख एका काट्याने एकमेकांत अडकलेले असतात असे लिहिले आहे. आम्ही भिंगातून बराच वेळ पाहिले, परंतु असा काटा सापडला नाही, मग याला पतंग म्हणावे की फुलपाखरू? दुसरी शंका अशी की एका पालकाने हा रेशीमकिड्याचाच प्रकार असल्याचे सांगितले आणि दुसऱ्याने बोंडअळीचा पतंग मोठा झाला की असा दिसतो असे सांगितले, तेव्हा यांपैकी खरे काय? तिसरी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी शंका अशी की असे गट मुळात कोणत्या आधारावर पाडतात? मुलांना नुसते नाव सांगण्यापेक्षा ते नाव का पडले हे सांगता यावे, अशी माझी इच्छा आहे.

रानवाट

सर, आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की छायाचित्राची गरज उरत नाही. हा टसरचा पतंग आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला कोसा म्हणतात त्या रेशमाचा, आणि रंगावरून ती मादी दिसते. तिचे शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा आणि कुळाचे नाव सॅटर्निडी.

आपल्या पहिल्या शंकेतच या कुळाची एक मोठी खूण दडलेली आहे. बहुतेक पतंगांच्या मागच्या पंखाच्या बुडाशी एक राठ केस किंवा केसांचा झुबका असतो, तो पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूच्या आकड्यात अडकतो, आणि त्यामुळे उडताना दोन्ही पंख एकत्र हलतात. सॅटर्निडी कुळात हा काटा नसतो. त्याऐवजी मागच्या पंखाचा खांद्याजवळचा भाग रुंद होऊन पुढच्या पंखाखाली सरकलेला असतो आणि त्या दाबानेच दोन्ही पंख जुळून राहतात. फुलपाखरांतही हीच रीत आहे, म्हणून काटा नाही एवढ्यावरून फुलपाखरू ठरवता येत नाही. आपण आता तिच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, पाहा. फुलपाखराच्या शृंगिकेच्या टोकाला गाठ असते. या कुळात त्या कंगव्यासारख्या दातेरी असतात, आणि नरात तर बहुतेक जातींमध्ये प्रत्येक पेराला चार-चार फांद्या फुटून त्या पिसासारख्या रुंद दिसतात. मादीच्या शृंगिका अरुंद असतात, कारण गंध सोडणारी ती असते आणि अंधारात तो हुंगत येणारा नर असतो.

गुळाच्या पाण्याला ती शिवली नाही याचे कारणही त्या कुळाच्या घडणीतच आहे. या पतंगांची सोंड इतकी खुरटलेली असते की तिचा काही उपयोग नसतो. अळी असताना पानांतून जी चरबी साठवली, तिच्यावरच पतंगाचे सारे आयुष्य निघते, आणि ते आयुष्य साधारण आठवड्याभराचे असते. तेवढ्या दिवसांत जोडीदार मिळवणे आणि अंडी घालणे एवढेच काम असते. मुलांना हे सांगताना मी त्यांना एकदा अळीचा जबडा आणि एकदा पतंगाचे डोके भिंगाखाली दाखवीत असे. एकाच जीवाच्या दोन अवस्थांमधला एवढा फरक पाहून मूल तो विसरत नाही.

पंखावरच्या डोळ्याबाबत मात्र एक सावधगिरी सांगतो. डोळ्यासारखे ठिपके इतर कुळांतही असतात. आपल्याच जंगलात पावसाळ्यात एरेबस प्रजातीचा मोठा, काळसर तपकिरी पतंग दिसतो, त्याच्या पुढच्या पंखावर घुबडाच्या डोळ्यासारखी खूण असते, आणि तो सहजच या कुळात ढकलला जातो. तो एरेबिडी कुळातला आहे. त्याला काम करणारी सोंड आहे, पंखाचा काटा आहे, शृंगिका दोऱ्यासारख्या साध्या आहेत. टसरच्या डोळ्यातल्या काचेच्या जागी पंखावर खवलेच नसतात, उघडा पडदा असतो, म्हणून आपल्याला चुन्याचा ओघळ दिसला. ओळखीसाठी एकाच खुणेवर विसंबू नये, चार खुणा एकत्र जुळाव्यात, असे मला अनुभवाने वाटते.

संत्राबाग

वरील माहितीबद्दल आभार. आमच्याकडे अमरावती जिल्ह्यात संत्र्याच्या बागेत रात्री मोठे पतंग येतात, ज्यांचे मागचे पंख नारिंगी आणि त्यावर काळा पट्टा असतो. ते फळाला छिद्र पाडून रस पितात, फळ त्या जागी सडते आणि गळून पडते. गेल्या मृग बहारात माझ्या बागेत खाली पडलेली फळे वेचताना प्रत्येक फळावर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र होते आणि दाबले की त्यातून आंबूस रस येत होता. हा पतंगही आकाराने मोठाच असतो, तेव्हा तो याच कुळातला मानावा काय?

रानवाट

नाही. तो युडोसिमा प्रजातीचा रस शोषण करणारा पतंग आहे आणि वर सांगितलेल्या एरेबसच्याच, म्हणजे एरेबिडी, कुळात मोडतो. त्याची अळी बागेत वाढत नाही, बांधावरच्या गुळवेलीसारख्या वेलींवर वाढते, म्हणूनच त्या वेली काढण्याचा सल्ला दिला जातो. संत्र्याची साल भोकसण्याइतकी टणक सोंड असणारा पतंग आणि कामाची सोंडच नसणारा पतंग हे शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्ही मोठे असूनही ही दोन कुळे वेगळी का मानावी लागतात, हे लगेच ध्यानात येते.

बोंडअळीविषयीची शंका याच ओघात मिटवतो. गुलाबी बोंडअळीचा पतंग नखाएवढा असतो आणि तो गेलेचिडी नावाच्या अगदी निराळ्या कुळात मोडतो, तर बोंडे पोखरणारी हिरवी बोंडअळी नॉक्टुइडी कुळातली आहे. पतंग झाल्यावर कोणताही कीटक वाढत नाही. कोषातून जेवढा बाहेर पडतो, पंख सुकल्यावर तेवढाच राहतो.

येनाची सावली

सर, मी गडचिरोली जिल्ह्यातला. आमच्या ढिवर समाजात मासेमारीबरोबर कोशाचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि मीही वडिलांबरोबर लहानपणापासून ते करतो. वर्गीकरण मी शिकलेलो नाही, पण या पाखराचे जगणे हाताखालून गेले आहे, म्हणून तेवढेच लिहितो.

पावसाळा लागला की साठवलेल्या बीजकोषांतून पाखरे निघतात. पाखरू साधारणपणे संध्याकाळी बाहेर येते. कोष दगडासारखा कठीण असतो, नखाने दाबला तर दबत नाही, परंतु आतले पाखरू तोंडातून एक पातळ द्रव सोडते, कोषाचे देठाकडचे टोक ओले होते, धागे ढिले पडतात आणि ते पायांनी धागे सारून बाहेर येते. त्या वेळी पंख चुरगळलेल्या ओल्या कापडासारखे असतात. ते फांदीला लटकते आणि अर्ध्या-एक तासात पंख ताठ होतात. नर बहुधा तांबूस तपकिरी आणि मादी पिवळी किंवा राखाडी, त्यामुळे नवख्या माणसाला ही दोन वेगळी पाखरे वाटतात. रात्री जोडी लागते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत सुटत नाही. त्यानंतर मादी दीडशे ते अडीचशे अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांत अळ्या निघतात.

अळीला आम्ही येनावर किंवा अर्जुनावर सोडतो. ती चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या पाच अवस्था होतात. शेवटच्या अवस्थेत ती बोटाहून जाड, पानासारखी हिरवी आणि अंगावर गाठी असलेली होते, आणि उन्हात पाहिले तर तिच्या कुशीला चांदीच्या टिकल्यांसारखे डाग चमकतात. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट डहाळी तोडून दुसऱ्या झाडावर बांधावी लागते, कारण हाताने ओढली तर अळी पाय सोडत नाही आणि तिला इजा होते. पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून दिवसभर राखण करावी लागते, आणि ऊजी माशीने अळीच्या अंगावर अंडे घातले तर ती अळी हातची गेलीच समजावी. एका वर्षी शेजारच्या बांधीत धानावर फवारणी झाली आणि वाऱ्याने औषध आमच्या येनांवर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या अवस्थेतल्या अळ्या झाडाखाली काळ्या पडून पसरलेल्या होत्या. तो हंगाम आमचा पूर्ण गेला. तेव्हापासून आम्ही शेजाऱ्यांशी आधी बोलून तारखा ठरवतो.

कोष विणताना अळी आधी डहाळीला रेशमाचे कडे घालते, त्या कड्यापासून देठ खाली आणते आणि त्या देठाला कोष लटकवते. पान गळले तरी कोष गळत नाही, तो याच कारणाने. पुढच्या वेळी आपण जंगलात गेलात, तर हिवाळ्यात पाने झडलेल्या येनावर वर पाहा. कवठासारखे पण त्याहून पुष्कळ लहान काही लटकताना दिसले, तर त्याचे कडे मुलांना दाखवा.

एक विनंती. आपल्या मादीने अंडी घातली, तर ती कोणाच्या संगोपनाच्या झाडांजवळ तपासणीवाचून नेऊ नका. पेब्रिन नावाचा रोग मादीकडून अंड्यांत उतरतो आणि एका अंडीपुंजामुळे सारे पीक जाऊ शकते. अंडी घालून झाल्यावर मादीचे पोट कुटून तो रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हाच ते कळते.

खवलेपंख

वर्गीकरणाविषयी सरांनी विचारलेल्या तिसऱ्या शंकेचे उत्तर अजून पूर्ण झालेले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आधी शब्दांचा खुलासा करतो, कारण वर्तमानपत्रांत प्रजाती आणि जाती हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातून घोटाळा होतो. मी येथे गण, कुल, उपकुल, प्रजाती आणि जाती असा उतरता क्रम धरतो. टसरच्या नावातील अँथेरिया ही प्रजाती आणि मायलिटा ही जाती.

सर्व पतंग आणि फुलपाखरे मिळून खवलेपंखी कीटकांचा एकच गण होतो. त्यात आतापर्यंत दीड लाखाहून अधिक जातींची नोंद झाली असून त्यांत फुलपाखरे जेमतेम १८ ते १९ हजार आहेत. म्हणजे फुलपाखरे ही या मोठ्या वृक्षाची एक फांदी आहे, पतंग म्हणजे बाकीचा सर्व वृक्ष. त्यामुळे ‘पतंगाला अमुक असते आणि फुलपाखराला नसते’ असा एका ओळीचा नियम कोणी लिहिला की त्याला अपवाद निघतातच, आणि सरांच्या पुस्तिकेतला काट्याचा नियम त्यांतलाच आहे.

सॅटर्निडी हे कुल फ्रेंच अभ्यासक ब्वादुव्हाल यांनी १८३७ मध्ये मांडले. जगभरात त्यात दोन हजारांहून पुष्कळ अधिक जाती आहेत आणि निम्म्याहून पुष्कळ अधिक एकट्या अमेरिका खंडांत आहेत. त्याची उपकुले पाहिली तर हे अधिक स्पष्ट होते: हेमिल्युसिनी, सेराटोकँपिनी, आर्सेन्युरिनी, ऑक्सिटेनिनी आणि सेर्कोफॅनिनी ही पाचही तिकडची. अ‍ॅग्लिनी युरोप-आशियात आहे, सॅलॅसिनी आशियात, आणि भारतात हिमालय व ईशान्येकडे तिचे सदस्य मिळतात. आपल्या विदर्भात जे काही दिसते ते सर्व सॅटर्निनी या सर्वांत पसरलेल्या उपकुलातले आहे. आसामचा मुगा अँथेरिया प्रजातीतलाच आहे. एरंडीच्या पानांवर वाढणारा एरी मात्र सामिया प्रजातीतला, आणि त्याचे जवळचे नाते ईशान्येकडच्या त्या अवाढव्य अ‍ॅटलास पतंगाशी आहे.

आता रेशीमकिड्याची गोष्ट. तुतीवर वाढणारा रेशीमकिडा, बॉम्बिक्स मोरी, हा बॉम्बिसिडी या दुसऱ्या कुळातला आहे. ते कुल, सॅटर्निडी आणि स्फिंजिडी, म्हणजे संध्याकाळी फुलांसमोर तरंगत मध पिणाऱ्या जलद पतंगांचे कुल, ही तिन्ही एकमेकांची निकटची भावंडे आहेत आणि एकाच महाकुलात, म्हणजे कुलाच्या वरच्या गटात, येतात. म्हणून पालकाचे म्हणणे पूर्ण चूक नाही, चुलत नाते आहे, पण कुल एक नाही. रेशीम ही या कुळाची खूण मानता येत नाही, यावर मला विशेष भर द्यावासा वाटतो. सेराटोकँपिनी उपकुलातल्या अळ्या सॅटर्निडीच्याच असूनही जमिनीत शिरून कोष न विणताच रूपांतर करतात, आणि उलट कितीतरी परक्या कुळांतल्या अळ्या रेशीम काढतात. माणसाला उपयोगी पडलेली गोष्ट आपल्याला मोठी वाटते, वर्गीकरणात मात्र वंश कोणाकडून कोणाकडे आला हे पाहिले जाते. पूर्वी त्यासाठी पंखांतील शिरा, शृंगिका, सोंड, अळीच्या अंगावरच्या गाठी यांची तुलना करीत. आता त्याच्या जोडीला जनुकांचा क्रम ताडून पाहतात, आणि त्यामुळे काही उपकुलांच्या सीमा अजूनही बदलत आहेत.

नावांतही स्थिरता नाही. टसरच्या पतंगाला लिनियस यांनी १७५८ मध्ये पाफिया हे नाव दिले आणि ड्रुरी यांनी १७७३ मध्ये मायलिटा. ही एकच जाती मानणारे अभ्यासक जुन्या नावाला मान देऊन पाफिया लिहितात, तर रेशीम व्यवसायात मायलिटा हेच रूढ आहे. शिवाय ही जाती जेथे-जेथे आहे तेथे-तेथे तिचे स्थानिक प्रकार झाले आहेत: झारखंड-ओडिशाकडचा डाबा, बस्तरचा रैली, आणि आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाणारा भंडारा. सर, आपल्या शाळेच्या भिंतीवर बसलेली मादी कदाचित त्या प्रकारातली असेल. मुलांना हे जरूर सांगा.

याच कुळातला आणखी एक पतंग आपल्या परिसरात शोधण्यासारखा आहे. चंद्रपतंग, अ‍ॅक्टिआस सेलीन, फिकट हिरवा, मागच्या पंखांना लांब शेपट्या असलेला. त्याची अळी मोवईवर वाढते आणि मोवई आपल्या शाळेजवळ आहेच. त्या शेपट्या कशासाठी, याचे उत्तर २०१५ मध्ये त्याच्या अमेरिकेतील भावंडावर झालेल्या प्रयोगात मिळाले. सॅटर्निडी पतंगांना कान नसतात, त्यामुळे वटवाघळाचा आवाज त्यांना ऐकू येत नाही. परंतु उडताना शेपट्या गरगरतात, वटवाघळाचा नेम शरीराऐवजी शेपटीवर जातो, आणि शेपटी फाटली तरी पतंग निसटतो. शेपट्या कापलेले पतंग कितीतरी अधिक प्रमाणात पकडले गेले. शेपटी तुटलेला चंद्रपतंग कोणाला सापडला, तर तो वाईट अवस्थेत आहे असे समजून उचलून फेकू नये.

वैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ‘येनाची सावली’ यांचे उत्तर मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवले, आणि त्यानंतर शाळेच्या मागच्या बाजूला राहणाऱ्या एका मुलाने त्याच्या आजोबांच्या घरातून कोषाचे वाळलेले टरफल आणले. त्याला देठ होता, देठाच्या टोकाला डहाळीचे कडे होते, आणि आतून टोक मोकळे झालेले होते. त्या कड्यातून प्रत्येक मुलाने आपले बोट घालून पाहिले.

घडलेला क्रम नोंदवतो. दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही मादीला बांबूच्या विरळ विणीच्या टोपलीत ठेवून ती टोपली कुंपणालगतच्या येनाच्या फांदीला टांगली. सकाळी टोपलीच्या बाहेरच्या बाजूला एक तांबूस तपकिरी नर चिकटलेला होता. त्याच्या शृंगिका खरोखरच पिसासारख्या रुंद होत्या आणि मादीच्या शृंगिकांशी शेजारी ठेवून त्यांची तुलना करता आली. आम्ही त्याला आत सोडले, जोडी लागली आणि दुपारनंतर सुटली. पुढच्या तीन रात्रींत तिने टोपलीच्या काड्यांना चिकटवून १६८ अंडी घातली. ती चपटी, फिकट पिवळसर आहेत.

काल सकाळी मादी टोपलीच्या तळाशी मेलेली आढळली. मी तिला कोरड्या कागदाच्या पुडीत घालून वर तारीख लिहून ठेवली आहे, आणि सोमवारी तालुक्याच्या गावी जाईन तेव्हा रेशीम केंद्रात तपासणीसाठी देईन. तोपर्यंत अंड्यांची टोपली शाळेच्या कपाटात बंद आहे. ‘येनाची सावली’ यांना एक विचारायचे आहे: पेब्रिन निघाला नाही, तर नुकत्याच निघालेल्या अळ्यांना येनाची कोवळी पालवी द्यावी की जुनी पाने चालतील? आमच्या कुंपणालगतच्या झाडाला या पावसात नवी पालवी थोडीच फुटली आहे.

येनाची सावली

पहिल्या दोन अवस्थांत कोवळीच द्या सर, जून पान लहान अळीच्या जबड्याला चावत नाही. डहाळ्या पाण्याच्या बाटलीत उभ्या ठेवा आणि बाटलीच्या तोंडात कापूस कोंबा, नाहीतर अळ्या आत उतरून बुडतात. तपासणीत रोग निघाला, तर अंडी टोपलीसकट जाळून टाका आणि कपाट निर्जंतुक करून घ्या. १६८ अळ्यांना तुमच्या एका झाडाचा पाला पुरणार नाही, म्हणून पंधरा-वीसच ठेवा. निरोगी निघाल्या, तर बाकीच्या आजूबाजूच्या दहा-बारा येनांवर पहिल्याच दिवशी, ऊन चढण्याआधी, वाटून सोडा.